तुमचा फंड किती वर्षांचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



ऑफिसात कुणी निवृत्त झालं की शाल-श्रीफळ होतं, चार भाषणं होतात, पेढे वाटले जातात. आणि मग जिना उतरताना कुणीतरी हळूच विचारतं, "साहेब, सगळे मिळून हातात किती आले?" उत्तर लाखांत येतं. पंचवीस, चाळीस, साठ. विचारणारा मनात म्हणतो, चला, हा सुटला. निवृत्त होणाऱ्यालाही तसंच वाटत असतं, कारण तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत एवढी रक्कम त्याने एकत्र कधी पाहिलेली नसते.

बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला मी बरीच वर्षं बसलो. फंडाचे चेक घेऊन आलेली शेकडो माणसं पाहिली. त्यावरून माझं असं मत झालं आहे की जिन्यातला तो प्रश्नच मुळात चुकतो. फंड लाखांत मोजला की मोठा दिसतो. तो वर्षांत मोजायला हवा. हे पैसे मला आणि माझ्या पत्नीला किती वर्षं पुरतील? हा हिशेब मांडला नाही म्हणून पुढच्या बऱ्याच चुका होतात. तेव्हा आज तोच आधी मांडू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

समजा, खासगी कंपनीतून एक गृहस्थ साठाव्या वर्षी निवृत्त झाले. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे मिळून चाळीस लाख आले. घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं. दोघांचा महिन्याचा खर्च पंचवीस हजार, म्हणजे वर्षाला तीन लाख. चाळीस लाखांवर साडेसात टक्क्यांनी व्याज येतं ते बरोबर तीन लाख. झालं की! व्याजात घर चालतं, मुद्दलाला धक्का नाही. बहुतेक माणसं इथे पेन्सिल खाली ठेवतात.

आता ती परत उचला. महागाई सहा टक्के धरू. दुसऱ्या वर्षी त्याच खर्चाला तीन लाख अठरा हजार लागतात. व्याज तेवढंच, तीन लाख. वरचे अठरा हजार मुद्दलातून काढावे लागतात. तिसऱ्या वर्षी मुद्दल थोडं कमी, म्हणून व्याजही कमी, आणि खर्च मात्र आणखी वाढलेला. सुरुवातीला ही गळती जाणवतसुद्धा नाही. पण सहा टक्क्यांनी वाढणारा खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे बहात्तराव्या वर्षी याच गृहस्थांना पंचवीसच्या जागी पन्नास हजार लागतात, तेही राहणीमान तसूभर न वाढवता. वर्षावर्षाने हा हिशेब पुढे नेला तर पंधरा वर्षं निघतात आणि सोळाव्या वर्षात खातं रिकामं होतं. वय तेव्हा शहात्तरच्या आत. लक्षात घ्या, या माणसाने काहीही उधळलेलं नाही. कुणाला फसला नाही, शेअर बाजारात गेला नाही, परदेशी फिरला नाही.

हाच माणूस महिन्याला पाच हजार कमी खर्चात, म्हणजे वीस हजारांत भागवू शकला, तर तोच फंड वीस वर्षांच्या पुढे जातो. म्हणून आधी काढायचा तो खर्चाचा आकडा. आणि तो अंदाजाने सांगू नका. निवृत्तीपूर्वी वर्षभर वहीत खर्च लिहून काढा. सोसायटीचा मेंटेनन्स, सणवार, आहेर, गाडीचा विमा, दातांचा डॉक्टर हे महिन्याच्या हिशेबात कधी धरलेलंच नसतं.

आता समोरची बाजू. जगायचं किती? आपल्या देशात साठीला पोचलेला माणूस सरासरी आणखी अठराएक वर्षं जगतो, बायका पुरुषांपेक्षा थोड्या जास्त. ही सरासरी आहे, म्हणजे पुष्कळजण त्याच्या बरेच पुढे जातात. त्यात आपल्याकडे पत्नी वयाने चार-पाच वर्षांनी लहान असते. नवरा साठचा तर ती पंचावन्नची. ती पंच्याऐंशीपर्यंत जगली, आणि जगावीच, तर हा फंड तीस वर्षं चालायला हवा. आपण मघाशी मांडला तो पंधरा-सोळा वर्षांचा. मधल्या चौदा वर्षांचं काय, याचं उत्तर पुष्कळ घरांत 'मुलगा आहे की' एवढंच असतं. मुलगा चांगला असेलही. पण तेव्हा तोही पन्नाशीत असेल, त्याची मुलं कॉलेजात असतील.

हे गणित एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या चुका आपोआप दिसायला लागतात. सगळ्यात मोठी सांगतो. फंड आला की पहिल्या सहा महिन्यांत त्याचा एक मोठा तुकडा जातो. कुठे? गावाकडच्या घरात, मुलीच्या लग्नात, मुलाच्या फ्लॅटमध्ये. आपल्या चाळीसातले दहा लाख असे गेले आणि तीस उरले, तर तो फंड सोळाच्या जागी साडेअकरा वर्षांत संपतो. म्हणजे त्या दहा लाखांची किंमत आहे म्हातारपणाची चार वर्षं, आणि वर थोडे महिने.

गावाकडच्या घराबद्दल जरा बोलतो, कारण हा आपला जिव्हाळ्याचा विषय. कोकणातला असो, घाटावरचा असो, शहरात नोकरी केलेल्या माणसाच्या मनात वडिलांचं पडकं घर असतंच. निवृत्त झाल्यावर तिथे राहायचं, परसात चार झाडं लावायची. मग स्लॅबचं घर उभं राहतं, वास्तुशांत होते, गाव जेवतं. आणि दोन वर्षांत लक्षात येतं की गुडघ्यांचा डॉक्टर तालुक्याला, हृदयाचा जिल्ह्याला, नातवंडं पुण्याला. घर गणपतीत आणि मे महिन्यात उघडतं. उरलेले दहा महिने त्याला कुलूप, आणि घरपट्टी, वीजबिल, राखणदार चालू. बांधू नका असं मी म्हणणार नाही. पण आधी त्याच गावात भाड्याने किंवा भावाकडे सहा महिने सलग राहून पाहा, पावसाळ्यासकट. त्यानंतरही बांधावंसं वाटलं तर जरूर बांधा, आणि त्यात किती वर्षं जातात ते आधी मोजा.

मुलांचं प्रकरण नाजूक आहे. बापाचा फंड येणार हे घरात सगळ्यांना माहीत असतं आणि मुलाने फ्लॅट बुक केलेला असतो. नाही म्हणणं जड जातं. अशा वेळी हा कागद मुलासमोर ठेवावा, असं मी सुचवतो. शिकलेली मुलं आहेत, गणित कळतं. शिवाय घरासाठी, शिक्षणासाठी त्याला बँक कर्ज देते. तुमच्या रोजच्या जेवणखाणासाठी कुठली बँक वीस वर्षं कर्ज देणार आहे?

आणि राहतं घर हयातीत मुलांच्या नावावर करायची घाई तर अजिबात नको. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली कायदा झाला. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येतं. पण बक्षीसपत्र करताना ती अट लेखी घातलेली नसेल तर पुढे वाद वाढतो, आणि सत्तरीच्या माणसाने प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या का झिजवाव्यात? घर मृत्युपत्राने द्यावं. ते आपल्यामागे अमलात येतं आणि हयातीत कधीही बदलता येतं.

दुसरा एक समज असा की आजचं व्याज कायम राहील. १९९९ साली निवृत्त झालेल्यांची आठवण काढा. पीपीएफवर तेव्हा बारा टक्के मिळत होते. जानेवारी २००० मध्ये अकरा झाले, मार्च २००३ मध्ये आठ, आणि एप्रिल २०२० पासून ७.१. बारा टक्क्यांच्या हिशेबावर ज्यांनी संसार बेतला होता, त्यांचं उत्पन्न तीन-चार वर्षांत तिसऱ्या हिश्श्याने खाली आलं. त्या काळी महागाईही जास्त होती हे खरं, पण दूधवाला काही दर उतरवायला आला नाही. म्हणून दीर्घ मुदतीचा हिशेब करताना व्याज आजच्यापेक्षा एखादा टक्का कमीच धरावं.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००४ साली सरकारने बचत योजना काढली, ती मला या कामासाठी सर्वांत सोयीची वाटते. सुरुवातीला तिच्यावर नऊ टक्के होते, एप्रिल २०२३ मध्ये ८.२ ठरले आणि त्याच वेळी मर्यादा पंधरा लाखांवरून तीस लाखांवर नेली. पैसे भरताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही, व्याज दर तिमाहीला हातात येतं. पत्नीचंही साठ वर्षांचं वय झालं असेल तर तिचं खातं वेगळं काढता येतं. पोस्टात नाहीतर बँकेत जाऊन फॉर्म भरायचा, एवढंच काम.

आता अशी सोय असताना माणसं एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून कुठे कुठे पैसे ठेवतात, ते पाहून जीव कासावीस होतो. आपल्या महाराष्ट्रात सहकाराचं जाळं दाट आहे. गल्लीत पतसंस्था, चेअरमन ओळखीचा, कर्मचारी घरी येऊन रक्कम नेतो. हे सगळं चांगलंच. पण बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचा विमा असतो, तो पतसंस्थेतल्या ठेवींना नसतो. हे पाटीवर लिहिलेलं नसतं. आणि बँकेच्या बाबतीतही हा विमा एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, व्याजासकट पाच लाखांपर्यंतच. तोसुद्धा फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी मर्यादा एक लाखाची होती.

पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मध्ये नऊ वर्षं गेली. पीएमसी बँकेत सप्टेंबर २०१९ मध्ये व्यवहार थांबले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. त्या बँकेचं जानेवारी २०२२ मध्ये विलीनीकरण झालं, पण पाच लाखांवरच्या ठेवी टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत मिळायच्या ठरल्या. चाळिशीतला माणूस दहा वर्षं थांबेल. बहात्तर वर्षांच्या माणसाला दहा वर्षं थांबा म्हणणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगत नाही. दोन्ही ठिकाणच्या ठेवीदारांत निवृत्त मंडळी पुष्कळ होती. वर्षानुवर्षांचा विश्वास होता, त्याला कुणी काय करणार? एका सहकारी बँकेत व्याजासकट पाच लाखांच्या आत ठेवा, पत्नीच्या नावाने वेगळे ठेवा, दोन-तीन बँकांत विभागून ठेवा. ओळख कितीही जुनी असली तरी सगळा फंड एका ठिकाणी नको.

याउलट दुसरं टोक म्हणजे आयुष्यभर शेअरचा 'श'ही न काढलेल्या माणसाने निवृत्त झाल्यावर निम्मा फंड बाजारात घालणं. शेजाऱ्याचा जावई सांगतो, पैसा दुप्पट होतोय. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स एकवीस हजारांच्या घरात होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नऊ हजारांच्या खाली आला. पुढे तो सावरला, किती वर गेला तेही आपण पाहिलं. पण ज्याला त्या दिवाळीत घरखर्चासाठी पैसे काढावे लागले त्याचं नुकसान कायमचं झालं. तीस वर्षं काढायची तर थोडा भाग वाढत्या गुंतवणुकीत असावा, हे मलाही मान्य आहे. तो भाग असा हवा की ज्याला सात-आठ वर्षं हात लावायची वेळ येणार नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांचा घरखर्च मात्र साध्या मुदत ठेवीत, हाताशी.

तुमच्यातले चाळिशीतले श्रोते म्हणतील, हे सगळं आमच्यासाठी अजून लांब आहे. त्यांना दोनच आकडे देतो. महिना एक हजार रुपये आठ टक्क्यांनी तीस वर्षं साठवले तर पंधरा लाखांच्या आसपास होतात. तेच वीस वर्षं साठवले तर सहा लाखसुद्धा पुरते होत नाहीत. नोकरी बदलताना प्रॉव्हिडंट फंड काढून घेऊन मोटरसायकल घेणारे तरुण मी पाहिले आहेत. एक लाखच तर आहे, असं वाटतं. ते लाख रुपये आठ टक्क्यांनी पंचवीस वर्षं राहिले असते तर पावणेसात लाखांच्या वर गेले असते. शिवाय फंडाबरोबर पेन्शनचाही हिस्सा काढून घेतला की तेवढी सेवा पुसली जाते, आणि त्या पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते.

त्या पेन्शनबद्दलही भ्रम नको. प्रॉव्हिडंट फंडाबरोबर मिळणाऱ्या १९९५ च्या योजनेतलं पेन्शन काढायची रीत अशी: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले सत्तर. २०१४ साली या पगाराची मर्यादा पंधरा हजार ठरली. तुमचा खरा पगार साठ हजार असला तरी, त्या मर्यादेने, पूर्ण पस्तीस वर्षांच्या सेवेवर आकडा येतो साडेसात हजार. माणसं मात्र 'पेन्शन आहे' एवढ्या दोन शब्दांवर निर्धास्त असतात. पासबुक काढा, सेवेच्या तारखा बरोबर लागल्यात का पाहा. जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग दुरुस्त करायचं ते नोकरीत असतानाच करा, नंतर फार हेलपाटे पडतात.

आजारपणाचं सांगायचं राहिलं. कंपनीचा आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी नोकरीबरोबर संपतो. ज्या वयात त्याची गरज सुरू होते त्याच महिन्यात. मग साठीला नवीन पॉलिसी काढायला जावं तर हप्ता जबरदस्त, आणि मधुमेह-रक्तदाब असेल तर त्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्यामुळे कंपनीचा विमा असतानाच, पन्नाशीच्या आसपास, स्वतःची वेगळी पॉलिसी घेऊन ठेवावी. निवृत्त व्हाल तोपर्यंत ती थांबण्याची मुदत उलटलेली असते. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेतून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून खुलं झालं. ते कार्ड काढून ठेवाच. पण साठ ते सत्तर ही दहा वर्षं तुमची तुम्हालाच भरून काढायची आहेत.

शेवटी घरातली गोष्ट. नवरा गेल्यानंतर काउंटरवर आलेल्या बाईंना मी विचारत असे, "काकू, ठेवी कुठे कुठे आहेत?" पिशवीतून पावत्यांचा पुडका बाहेर येई. त्यातल्या काही मोडलेल्या, काही मुदत संपून पडलेल्या, एखादीवर नॉमिनी म्हणून सासऱ्यांचं नाव, ते जाऊनही वीस वर्षं झालेली. चाळीस वर्षं संसार काटकसरीने चालवणाऱ्या बाईला संसाराचा पैसा कुठे आहे हेच सांगितलेलं नसे. तिला काळजी नको म्हणून. आणि पुढची पंधरा-वीस वर्षं बहुधा तीच एकटी काढणार असते, कारखान्याच्या त्या पेन्शनचा निम्मा हिस्सा घेऊन.

बँकेचं नामनिर्देशन नव्याने तपासा. नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीला चार नावं लावता येतात. मात्र नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे स्वीकारणारा माणूस, मालकी ठरते मृत्युपत्राने, ते नसेल तर वारसा कायद्याने. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमोर सही हवी, आणि साक्षीदार वयाने आपल्यापेक्षा लहान असलेले बरे! ठेवी दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणालाही किंवा मागे राहील त्याला, अशा पद्धतीने ठेवा. एका वहीत सगळं लिहा: बँक, खातं, रक्कम, मुदत, पॉलिसी, लॉकरची किल्ली कुठे आहे ते. आणि ती वही लिहायचं काम पत्नीकडे द्या. उद्या पासबुक भरून आणायला जाल तेव्हा त्यांनाही बरोबर न्या, मॅनेजरशी ओळख करून द्या, एखादी मुदत ठेव त्यांच्याच हाताने नूतन करू द्या. सकाळी अकराच्या सुमाराला गेलात तर गर्दी कमी असते.